पिनिअल ग्रंथी काढली की उंदरांना स्तनाच्या गाठी जास्त येतात? नेमकं काय सापडलंय?

वैशाखी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

माझ्या धाकट्या बहिणीचं मागच्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो, रेडिएशन सगळं उरकलं, आता टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन अडवणारी गोळी) चालू आहे. तब्येत बरी आहे, दृष्ट नको लागायला, पण झोप पार उडालीये. तर आमच्या न्यू जर्सीच्या मावसभावाने कोणाबरोबर तरी मेलाटोनिनची भलीमोठी बाटली पाठवली, दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या, आणि सोबत हा एवढा मेसेज. मेंदूत पिनिअल नावाची ग्रंथी असते, तिच्यातून रात्री मेलाटोनिन येतं, उंदरांची ती ग्रंथी काढली तर त्यांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि मेलाटोनिन दिलं की होत नाही, "सिद्ध झालंय", डॉक्टर सांगत नाहीत कारण कंपन्यांना त्यात पैसा नाही वगैरे वगैरे.

शेवटचा भाग सोडून द्या. पण उंदरांचं खरंच काही आहे का? असेल तर नक्की काय केलं, किती उंदीर, कसं? मी बी.कॉम. आहे, जरा सोपं करून सांगा. बाटली सध्या फ्रिजवर ठेवलीये आणि बहीण येताजाता तिच्याकडे बघतेय.

खडूस_काका

आमच्या सोसायटीतल्या उंदरांना काहीही होत नाही. मागच्या आठवड्यात एकाने विषाची वडी खाल्ली आणि वर माझ्याकडे बघून मिशा साफ केल्या.

बहिणीला लवकर बरं वाटू दे, बाकी जाणकार येतीलच.

आज्ञाचक्र

ही ग्रंथी म्हणजेच तृतीय नेत्र. भ्रूमध्याच्या मागे बरोबर त्याच ठिकाणी. आपल्या ऋषींना हे माहीत होतं, पाश्चात्त्यांना आत्ता कळतंय. ग्रंथी सुप्त झाली की रोग येणारच.

खडूस_काका

आला. मी घड्याळ लावून बसलो होतो, बावीस मिनिटं लागली.

पेशीवाली

वैशाखीताई, मी पॅथॉलॉजीत आहे, कॅन्सरवर उपचार करणारी नाही, तेव्हा हे माहिती म्हणूनच घ्या.

मावसभावाने सांगितलेला प्रयोग खरा आहे. १९७८ साली कोहेन, लिपमन आणि चॅबनर या तिघांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक कल्पना मांडली, की पिनिअल मंदावली तर शरीरावर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा अंमल जास्त चालत असेल आणि त्यातून स्तनाचा कॅन्सर वाढत असेल. तेव्हा ती नुसती कल्पनाच होती. मग १९८१ मध्ये टामार्किन आणि हेच लोक, अमेरिकेतल्या बेथेस्डाला, त्यांनी रॅटवर करून बघितलं. रॅट म्हणजे आपला मोठा पांढरा उंदीर. माद्या घेतल्या, वय ५० दिवस, आणि डीएमबीए नावाचं रसायन पोटात दिलं. त्या एका डोसने काही आठवड्यांत स्तनात गाठी यायला लागतात. निम्म्या माद्यांना त्याच दिवसापासून ९० दिवस रोज मेलाटोनिन टोचलं, निम्म्यांना नुसतं पाणी-द्रावण. नुसत्या द्रावणवाल्या २४ पैकी ७९ टक्क्यांना गाठी आल्या, मेलाटोनिनवाल्या २५ पैकी २० टक्क्यांना. दुसऱ्या भागात रसायन कमी दिलं आणि काही पिल्लांची पिनिअल आधीच काढून टाकली होती, त्या बिनपिनिअलवाल्यांत गाठींचं प्रमाण बरंच वाढलं, आणि त्यांना वरून मेलाटोनिन दिल्यावर पुन्हा खाली आलं.

म्हणजे ग्रंथी काढली की वाढतं, तिचा रस परत दिला की कमी होतं. प्रयोग म्हणून हे फार सुबक आहे. पण एवढ्याशा उंदरांवरून बाटलीपर्यंत उडी मारता येत नाही, त्याचं पुढे लिहिते, आत्ता स्लाइड्स वाट बघतायत.

शंकेखोर

५० दिवसच का? ४० का नाही, १०० का नाही? असे आकडे दिसले की मला संशय येतो, जिथे हवा तसा निकाल आला तेच वय धरलं असणार.

पेशीवाली

@शंकेखोर संशय चांगला पण इथे कारण आहे. हे मॉडेल चार्ल्स हगिन्सचं, १९६१ चं, पिनिअलवाल्यांच्या खूप आधीचं. (हगिन्स म्हणजे ज्यांना १९६६ साली प्रोस्टेटच्या हार्मोन उपचारांसाठी नोबेल मिळालं ते.) रॅटची मादी त्या सुमाराला वयात येऊन थोडे दिवस झालेले असतात, स्तनातल्या नळ्यांची टोकं कळीसारखी भराभर वाढत असतात आणि वाढत्या पेशींनाच हे रसायन बाधतं. वय वाढलं किंवा ती एकदा व्याली की त्याच कळ्यांची पानं होतात म्हणा ना, मग तेवढं बाधत नाही.

पिंजरेवाला

या विषयावर कोणी धागा काढेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी मुंबईत एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात १९८१ ते २००९ नोकरी केली, आधी पिंजरे धुणारा म्हणून लागलो आणि रिटायर झालो तेव्हा सीनियर टेक्निशियन. संस्थेचं नाव लिहीत नाही. शास्त्र मला विचारू नका पण हे सगळं हाताने केलेलं आहे म्हणून लिहितो.

ते डीएमबीए पिवळट पावडर असतं, तिळाच्या तेलात विरघळवायचं. हो, तेच आपलं संक्रांतीचं तीळ. उंदराला मानेमागे धरून पाठीला टोक गोल केलेली वाकडी सुई घशातून थेट पोटात घालून तेल सोडायचं. पहिले सहा महिने माझ्या हाताला रोज चावे असायचे, नंतर उंदराला कळतं का आपल्या हाताला कळतं माहीत नाही पण चावत नाहीत. दोन दोन हातमोजे घालून करायचं कारण जे उंदराला होतं ते आपल्यालाही होऊ शकतं.

मग दर आठवड्याला गाठी चाचपायच्या. मादीला बारा स्तन असतात, सहा जोड्या, गळ्यापासून जांघेपर्यंत. दोन बोटांत कातडी धरून हळूहळू खाली सरकत यायचं. पहिली गाठ साबुदाण्याच्या दाण्यासारखी लागते, भिजवलेल्या नाही, कोरड्या. डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागते. मग कॅलिपरने माप आणि वहीत नोंद. मला कोणत्या पिंजऱ्याला काय दिलंय ते सांगायचे नाहीत, नुसते नंबर, म्हणजे मनात येऊन माप वाकडं व्हायला नको.

पिनिअल काढणं हे मात्र सर्जनचं काम, आम्ही नुसतं धरायला आणि पुसायला. उंदराची ग्रंथी माणसासारखी खोल नसते, कवटीच्या मागच्या बाजूला हाडाच्या लगेच खाली, मोहरीएवढी. बारीक गोल करवतीने टिकलीएवढी हाडाची चकती काढायची, खाली मोठी शीर, तिला धक्का लागला की रक्ताचं तळं, मग काही दिसत नाही. आमच्या सरांना सुरुवातीला दहातले चार पाच उंदीर जायचे, वर्षभराने एखादाच. ग्रंथी चिमट्यात आली की चकती परत बसवून टाका. आणि जेवढ्यांची काढायची तेवढ्याच दुसऱ्यांची कवटी उघडून, काही न काढता, परत बंद करायची. मी विचारलं होतं सर हा कसला पोरखेळ. ते म्हणाले नाहीतर उद्या कोणीही म्हणेल की गाठी ग्रंथी काढल्याने नाही, डोक्याला भोक पाडल्याने आल्या.

अंधाराची गोष्ट नंतर सांगतो, ती सगळ्यात अवघड होती. आत्ता नातवाला क्लासहून आणायचंय.

वैशाखी

पिंजरेवाला काका, अंगावर काटा आला वाचून. साबुदाण्याचं तर... बहिणीला पण पहिल्यांदा अंघोळ करताना बोटालाच लागलं होतं. असो. अंधाराची गोष्ट नक्की सांगा.

भूतदया

वाचवलं नाही शेवटपर्यंत. कवटी उघडून काही न काढता परत बंद, आणि याला तुम्ही सुबक म्हणताय पेशीवाली? हजारो जीव, आणि चाळीस वर्षांनी निष्पन्न काय तर "बाटलीपर्यंत उडी मारता येत नाही".

पेशीवाली

@भूतदया तुमचा त्रास समजतो आणि सुबक हा शब्द मी प्रयोगाच्या रचनेबद्दल वापरला, तरी मागे घेते. पण वैशाखीताईंची बहीण आज जी टॅमॉक्सिफेनची गोळी घेतेय ती ह्याच डीएमबीएवाल्या माद्यांवर तपासून पुढे आलीये. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सिस्टर_रात्रपाळी

२६ वर्षं स्टाफ नर्स, त्यातली निम्मी रात्रपाळी. आमच्या वॉर्डात हा विषय दर दोन वर्षांनी निघतो. कोणीतरी मोबाइलवर दाखवतं, रात्रपाळीने कॅन्सर होतो, मग दोन दिवस सगळ्या गप्प, मग पुन्हा ड्युटी. त्या उंदरांवरूनच हे सगळं आलंय का? कारण मेट्रनला विचारलं तर म्हणाल्या, मग काय पेशंटना सांगू का रात्री आजारी पडू नका.

कोपनहेगनची_सून

@सिस्टर_रात्रपाळी इथे डेन्मार्कमध्ये २००८-०९ च्या सुमारास चाळीसच्या आसपास बायकांना स्तनाच्या कॅन्सरबद्दल सरकारी नियमाने भरपाई मिळाली होती, त्यात नर्सेस आणि विमानातल्या बायका होत्या. वीस वर्षांहून जास्त रात्रपाळी असेल तर. माझ्या सासूबाई (डॅनिश आहेत) हेच काम करायच्या, त्या अजून ते कात्रण दाखवतात.

कारण २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने रात्रपाळीला "बहुधा कॅन्सरकारक" या २ए गटात टाकलं होतं. २०१९ मध्ये परत बसून तोच गट कायम ठेवला.

खडूस_काका

त्याच २ए गटात मटण पण आहे. आमच्या हिने वाचलं तेव्हापासून रविवार सुना.

शंकेखोर

हे अर्धंच सांगताय. २००१ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात ३० किंवा जास्त वर्षं आलटूनपालटून रात्रपाळी केलेल्यांत धोका ३६ टक्के जास्त निघाला, बरोबर. पण २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लाखो बायकांचा अभ्यास आला, मिलियन विमेन स्टडी धरून, त्यात रात्रपाळी आणि स्तनाचा कॅन्सर यांचा काहीही संबंध दिसला नाही. सिस्टर, घाबरू नका एवढंच म्हणतोय. उंदराला चोवीस तास दिव्याखाली ठेवणं वेगळं आणि तुमची पाळी वेगळी.

पेशीवाली

परत आले. @सिस्टर_रात्रपाळी हो, मूळ तिथेच आहे. १९८० साली लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाच्या डोळ्यांवर रात्री २५०० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) झगझगीत उजेड टाकला की मेलाटोनिन खाली जातं, तोवर लोकांना वाटायचं हे फक्त प्राण्यांत होतं. आणि ८१ चे हे उंदीर. १९८७ मध्ये रिचर्ड स्टीव्हन्स या माणसाने दोन्ही जोडून विचारलं की श्रीमंत देशांत स्तनाचा कॅन्सर जास्त आहे त्याचं एक कारण विजेचा दिवा तर नाही? त्यातून पुढे नर्सेसचे अभ्यास सुरू झाले.

आणि हे आपल्यापैकी कित्येकांना माहीत नसतं, यातलं महत्त्वाचं काम परळला झालंय! कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट, टाटा मेमोरियलची, आता खारघरला आहे ती. कोठारी, शाह आणि म्हात्रे यांनी ८२ आणि ८४ मध्ये होल्ट्झमन जातीच्या रॅटवर छापलं, की जन्मापासून सतत उजेडात ठेवलेल्या माद्यांत डीएमबीएने जास्त गाठी येतात. अंधार किती तास, उजेड किती तास, पिनिअल आहे की नाही, असे सगळे मेळ घालून बघितले. पुढे ९१ मध्ये सुब्रमण्यन आणि कोठारी यांनी माऊसवर, म्हणजे छोट्या उंदरावर, एका अशा जातीत जिला रसायन न देताही आपोआप स्तनाच्या गाठी येतात, तिथेही मेलाटोनिनने प्रमाण कमी झालेलं दाखवलं. पिनिअल आणि स्तन या विषयावरचा जगातला कुठलाही आढावा उघडा, ही नावं सापडतात.

मालाडचा_म्हात्रे

म्हात्रे!! आमचेच असणार कोणीतरी. उद्या गावच्या ग्रुपवर टाकतो.

पिंजरेवाला

ते परळचे लोक वेगळे, आम्ही वेगळे, गैरसमज नको. पण त्यांचे पेपर आमच्याकडे सर वाचून दाखवायचे.

आता अंधार. खोलीत १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, टायमरवर. अंधाराच्या खोलीत पाणी बघायला जायचं तर लाल बल्ब, फोटो स्टुडिओतल्यासारखा, कारण उंदराला लाल रंग जवळजवळ दिसत नाही असं तेव्हा समजायचे. दाराला आतून काळा जाड पडदा, आधी पडद्याच्या आत उभं राहून दार लावायचं मग पडदा सारायचा. खिडक्या विटा लावून बुजवलेल्या. उंदीर रात्री जागा असतो ना, त्यामुळे अंधारात शिरलं की चारशे उंदरांची खुडबुड, पिंजऱ्याच्या जाळीवर नखं, आणि तो वास. डोळे बंद केले तरी आजही ती खोली कुठे काय आहे सांगेन.

एकदा मीच घोटाळा केला. लाल बल्ब गेला होता, स्टोअर बंद, म्हणून तीन रात्री साधी टॉर्च रुमालात गुंडाळून गेलो, पाच मिनिटांचं तर काम. चौथ्या दिवशी आपणहून सरांना सांगितलं. सर ओरडले नाहीत. वहीत त्या तीन तारखांसमोर लाल रेघ मारली आणि तो सगळा गट बाद केला. साठ माद्या, सात महिन्यांचं काम. ओरडले असते तर बरं झालं असतं.

लोडशेडिंग_पिढी

@पिंजरेवाला रुमालातली टॉर्च, पाच मिनिटं, आणि साठ उंदीर बाद? जरा अतीच नाही का? एवढ्याशा उजेडाने काय होतंय.

पेशीवाली

सर बरोबर होते, आणि हे जगाला नीट कळलं १९९७ मध्ये. अमेरिकेत कूपर्सटाउनला ब्लास्क आणि डॉची यांची प्रयोगशाळा. त्यांनी तपासलं की "पूर्ण अंधार" म्हणवणाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून वगैरे उजेड झिरपला तर काय होतं. तो उजेड ०.२ लक्स. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा समजा. तर त्या उंदरांचं रात्रीचं मेलाटोनिन पडलं आणि गाठी (त्या यकृताच्या होत्या, स्तनाच्या नव्हे) जवळजवळ सतत भर उजेडात ठेवलेल्या उंदरांसारख्याच वाढल्या. म्हणजे त्याआधीच्या कित्येक प्रयोगशाळांमध्ये ज्याला अंधार म्हणत होते तो अंधार होता की नाही, देव जाणे. एकाच प्रयोगाचे दोन ठिकाणी उलटे निकाल यायचे त्याचं एक कारण हेही असू शकेल असं मला वाटतं.

आणि काका, तो लाल बल्बही तितका निरुपद्रवी नव्हता. २०१५ मध्ये त्याच गटाने दाखवलं की रात्रभर लाल उजेड ठेवला तरी रॅटचं मेलाटोनिन बिघडतं.

पिंजरेवाला

अरे देवा. म्हणजे अठ्ठावीस वर्षं लाल बल्ब लावून...

खडूस_काका

पौर्णिमेच्या चांदण्याने गाठी वाढतात तर कोजागिरीला मसाला दूध पिणाऱ्यांचं काय? आणि शेतातले उंदीर काय पौर्णिमेला डोळ्यांना पट्टी बांधतात?

पेशीवाली

चेष्टेत बरोबर प्रश्न विचारलात! प्रयोगातले उंदीर बहुतेक पांढरे, लाल डोळ्यांचे, डोळ्यात रंगद्रव्यच नाही, त्यामुळे उजेड त्यांना फार लागतो. शिवाय शेतातल्याला चांदणं महिन्यातून काही रात्री, आणि तो बिळात पळू शकतो. पिंजऱ्यातल्याला रोज, रात्रभर. माणसाला ०.२ लक्सने काही होत नाही, आपलं मेलाटोनिन दबायला त्याच्या कित्येक पट उजेड लागतो. तेव्हा कोजागिरी करा.

लोडशेडिंग_पिढी

आमच्या परभणीत बारा बारा तास लोडशेडिंग असायचं, कंदिलावर अभ्यास. म्हणजे महावितरणने आम्हाला कॅन्सरपासून वाचवलं म्हणायचं. आता घरासमोर पालिकेने तो पांढरा एलईडी लावलाय, बेडरूममध्ये लग्नाच्या मांडवासारखा उजेड, पडदा लावला तरी भिंतीवर चौकोन. अर्ज दोनदा दिला. लाइनमन म्हणतो काढला तर समोरचे ओरडतील.

मालाडचा_म्हात्रे

@लोडशेडिंग_पिढी काळा चार्टपेपर आणि सेलोटेप. वीस रुपयांत काम. माझ्याकडे समोर मॉलची पाटी आहे, रात्री भिंत गुलाबी निळी गुलाबी निळी.

शंकेखोर

मूळ विषयाकडे येऊ. माझा एक प्रश्न कोणी घेतच नाहीये. सतत उजेडात ठेवलेल्या रॅटच्या माद्यांचं पाळीचं चक्रच बिघडतं, त्या कायम माजावर असल्यासारख्या राहतात, हे मी कॉलेजात शिकलोय (प्राणिशास्त्र, नंतर बँकेत गेलो). म्हणजे इस्ट्रोजेन सतत. मग गाठी पिनिअलमुळे वाढल्या की अंडाशयामुळे? आणि उजेडाचे निकाल सगळीकडे सारखे आहेत का?

पेशीवाली

बँकेत जाऊन नुकसान केलंत प्राणिशास्त्राचं :) हा खरा मुद्दा आहे.

एक, पिनिअलचा स्तनावरचा परिणाम मुख्यतः हार्मोनच्या वाटेनेच जातो असं सुरुवातीला मानायचे. मेलाटोनिनमुळे अंडाशय आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) दोन्ही दबतात आणि रॅटच्या या गाठी प्रोलॅक्टिनवर फार पोसतात, माणसाच्या तितक्या नाहीत. तिथेच पहिला फरक पडला. पण १९८८ मध्ये हिल आणि ब्लास्क यांनी शरीराबाहेर, बशीत वाढवलेल्या माणसाच्या स्तनकॅन्सरच्या पेशींवर थेट मेलाटोनिन टाकलं तरी वाढ मंदावली. अंडाशय नाही, मेंदू नाही, नुसत्या पेशी. आणि गंमत म्हणजे रात्री रक्तात असतं साधारण तेवढंच टाकलं तर मंदावली, खूप जास्त टाकलं तर परिणाम उलट कमी. दहा मिलिग्रॅमवाल्या मावसभावांनी हे दोनदा वाचावं.

दोन, निकाल सारखे नाहीत. २००० साली अमेरिकेतल्या एका गटाने वयात येण्याआधीपासून सतत उजेडात ठेवलेल्या माद्यांना डीएमबीए दिलं तर गाठी चक्क कमी आल्या. बघितलं तर त्या माद्यांचे स्तन न व्याताच दूध येण्याइतके वाढलेले. कळीचं पान झालेलं, वर मी लिहिलंय तसं, मग रसायन बाधलं नाही.

तीन, वेळ. १९८१ मध्येच बार्टश दांपत्याने माऊसमधल्या दुसऱ्या प्रकारच्या गाठींवर दाखवलं की मेलाटोनिन दुपारनंतर टोचलं तर गाठ मंदावते आणि सकाळी टोचलं तर उलट वाढते. औषध तेच, घड्याळ वेगळं.

चार, जात. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात त्या काळ्या माऊसच्या जातीत, सी५७ब्लॅक६ मध्ये, मेलाटोनिन बनवणारं एन्झाइमच बिघडलेलं असतं. जवळपास शून्य मेलाटोनिन. तिच्यावर पिनिअल काढण्याचा प्रयोग केला तर काय कप्पाळ कळणार. आणि तरी ती जात सगळी उंदीरगिरी करत आनंदात जगते.

आज्ञाचक्र

मला कोणी काही विचारलं नाही तरी सांगतो. पाल-सरड्यांच्या जातीत डोक्यावर खरंच तिसरा डोळा असतो की नाही? भिंग आणि पडद्यासकट? हे तर विज्ञानच म्हणतं ना.

पेशीवाली

@आज्ञाचक्र हे मात्र खरं, काही सरड्यांत आणि न्यूझीलंडच्या तुआटारात असतो, आणि पिनिअल त्याचीच बहीण. माशांत, पक्ष्यांत पिनिअलला थेट उजेड कळतो. सस्तन प्राण्यांत ते गेलं, उजेडाचा निरोप डोळ्यांतूनच येतो, तोही मानेतल्या नसांच्या एका गाठीपर्यंत खाली जाऊन परत वर चढतो. पण भ्रूमध्याच्या मागे नाही हो, पार मेंदूच्या मध्यात आहे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने तर आत्मा तिथे बसवला होता.

खडूस_काका

आत्मा तिथे आणि उंदराचा मोहरीएवढा. माझ्या बॉसचा त्याहून लहान असावा.

सिस्टर_रात्रपाळी

पेशीवाली मॅडम, एक विचारू? उंदीर सोडा, बाईच्या रक्ताचं कोणी बघितलंय का? म्हणजे माझ्यासारखीच्या.

पेशीवाली

बघितलंय, आणि माझ्या मते या सगळ्यातला हा सगळ्यात विलक्षण प्रयोग. परत ब्लास्कच, २००५. निरोगी, पाळी चालू असलेल्या बायकांचं रक्त तीनदा घेतलं. दिवसा, मध्यरात्री काळोखात, आणि मध्यरात्री दीड तास प्रखर उजेडात बसवून. मग उंदरांच्या अंगात माणसाच्या स्तनकॅन्सरची गाठ वाढवलेली होती, तिच्यातून ते रक्त फिरवलं. काळोखातल्या रक्ताने गाठीची वाढ आणि तिचं चरबी शोषणं एकदम मंदावलं. दिवसाच्या आणि उजेडातल्या रक्ताने नाही. बाई तीच, रात्र तीच, मधे फक्त दिवा.

२०१४ मध्ये त्याच गटाचं टॅमॉक्सिफेनवरही आहे. माणसाची गाठ असलेले रॅट, रात्री तोच ०.२ लक्सचा उजेड, तर टॅमॉक्सिफेन लागूच पडेना. रात्री मेलाटोनिन परत दिलं तर लागू पडलं.

वैशाखीताई, हे वाचून लगेच बाटली उघडू नका! उंदीर आहेत ते. माणसांत, स्तनाचा नव्हे पण फुप्फुसाचा, कॅनडातला मोठा नीट अभ्यास २०२१ मध्ये आला. ७०९ पेशंट, ऑपरेशननंतर वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा खोटी गोळी. रोग परत येण्यात एकंदरीत फरक पडला नाही.

भूतदया

इतकं वाचून एवढं कळलं की उंदरांना तरी आता अंधार नीट मिळतो. तेवढंच.

वैशाखी

सगळ्यांचे खूप आभार, तीन दिवस कामं सोडून हाच धागा वाचतेय.

अपडेट. काल फॉलोअप होता, बाटली पिशवीत घालूनच नेली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, झोपेचं मला सांगायचंत ना, टॅमॉक्सिफेनने रात्री अंगातून गरम वाफा येतात, घाम येतो, त्यानेच कित्येकींची झोप मोडते, आधी त्याचं बघू. मग तिला विचारलं झोपताना काय करतेस. तर ही बया रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाइलवर, आणि खोलीत झिरोचा बल्ब, ऑपरेशननंतर तिला काळोखाची भीती वाटते म्हणून. हे मलाही माहीत नव्हतं. मेलाटोनिन घ्यायचंच असेल तर मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढं, आणि अमुक वेळेला, असं म्हणाले. म्हणजे कॅन्सरसाठी नाही, झोपेसाठी, आणि तेही नंतर.

मावसभावाला सांगितलं तर म्हणतो डॉक्टरांना माहीत नसतं. मी त्याला सकाळच्या इंजेक्शनचं आणि काळ्या उंदरांचं पाठवलं, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

पिंजरेवाला

पोरीला एकदम मिट्ट काळोख करायला सांगू नका. मी पहिल्या महिन्यात त्या खोलीत घाबरायचो, चारशे उंदीर सोबतीला असून. पडद्याबाहेर एक जण उभा राहून बोलत राहायचा, मग जमायचं. कोणीतरी तिच्या खोलीत झोपा थोडे दिवस.

वैशाखी

आज मीच झोपतेय तिच्याकडे. म्हात्र्यांचा चार्टपेपर पण आणलाय, रस्त्याचा दिवा येतो तिच्याही खिडकीतून. झिरोचा बल्ब आत्ता आम्ही बोलत असतानाच बंद केला.

खडूस_काका

बाटली फ्रिजवर ठेवू नका परत. आमच्याकडचे वर चढतात.